डुबॉन्ट सरोवर, समैस्मामार्गे

ज्या देशात एकही नदी नाही त्या देशात मी सतरा नद्या पाठ केल्या. थेलॉन, कझान, बॅक, कॉपरमाइन, डुबॉन्ट आणि आणखी बारा. आजही झोपेतून उठवून विचारलं तर सांगेन, शिवाय कुठली नदी कुठल्या सरोवरात शिरते आणि कुठून बाहेर पडते तेही सांगेन. अडचण एवढीच की विचारणारं अजून कोणी भेटलेलं नाही. वीस वर्षं नोकरी केली, तीन कंपन्या बदलल्या, पण एकाही मुलाखतीत कॅनडाच्या उत्तरेकडच्या ओसाड मुलखातल्या पाण्याचा विषय निघाला नाही. पप्पांचा मात्र ठाम विश्वास होता की हे ज्ञान वाया जाणार नाही. पप्पांचे ठाम विश्वास म्हणजे आमच्या घरात मुक्काम ठोकून बसलेले पाहुणे होते. त्यांना रोज जेवायला वाढावं लागे आणि त्यांच्यापैकी कोणी जायचं नाव काढत नसे.

आम्ही कतारमध्ये दुखानला राहायचो, तेल कंपनीच्या टाउनशिपमध्ये. सगळी घरं एकसारखी, वाळूच्या रंगाची, आणि सगळ्या घरांत एकच आवाज, खिडकीतल्या एसीचा. तो आवाज इतका कायमचा होता की वीज गेली तर शांततेने दचकायला व्हायचं. लांबवर गॅसची ज्योत जळत असायची. नव्याने आलेले लोक तिचे फोटो काढायचे आणि जुने लोक तिच्याकडे बघून वारा कुठून आहे ते सांगायचे. पप्पा कंपनीत ड्राफ्ट्समन होते. पाइपलाइनींचे नकाशे काढायचे. अक्षर असं की छापलेलं वाटावं, आणि डोकं असं की जे कागदावर रेखीव दिसतं ते जमिनीवर असणारच, याबद्दल त्यांना शंका नसायची. आई टाउनशिपच्या दवाखान्यात नर्स होती. सकाळी सातला ड्यूटी. तिला कागदावरच्या गोष्टींबद्दल फारसं कुतूहल नव्हतं. तिच्याकडे माणसं यायची, रक्तासकट.

दोघंही वसईचे, पण वसई म्हणजे एकच गाव असं समजणाऱ्यांनी आमच्या घरात एक आठवडा काढायला हवा होता. पप्पा वाडीवाल्यांचे. केळी, पानवेली, विहिरीचं पाणी आणि ते पाटाने कुठे न्यायचं यावर भावाभावांची भांडणं. आई अर्नाळ्याकडची, तिच्या वडिलांच्या दोन होड्या होत्या. पप्पांच्या मते समुद्र म्हणजे खारट आणि बेभरवशाचं पाणी, आणि आईच्या मते विहीर म्हणजे भांड्यात ठेवलेलं पाणी. जेवणात मात्र आईचं राज्य होतं. शुक्रवारी सकाळी एका घराच्या हॉलमध्ये मिस्सा व्हायची, तेव्हा तिथे चर्च नव्हतं. तिथून आलो की ती फुग्या तळायची आणि कोंबडीचं इंद्याल करायची. डुकराचं करता येत नाही याचा उल्लेख पप्पा दर शुक्रवारी करायचे, जणू काही बातमी आहे. सुक्या बोंबलाची पिशवी बाल्कनीत ठेवलेली असायची, कारण शेजारच्या केरळी बाईंना वास सहन होत नसे, आणि त्यांच्या सुक्या मासळीची पिशवी शेजारच्या बाल्कनीत असायची, कारण आईला.

पप्पांच्या ऑफिसातला एक कॅनेडियन इंजिनियर नोकरी सोडून घरी परत गेला, तिथून हे सगळं सुरू झालं. जाणारा माणूस सामान वाटून जातो अशी तिथली रीत. कोणी त्याचा फ्रिज आणला, कोणी सोफा, कोणी बार्बेक्यूची शेगडी. आमच्या घरात सोफा नव्हता. पप्पा संध्याकाळी एक लांब पुठ्ठ्याची नळी घेऊन आले. तिच्यात नऊ नकाशे होते आणि सोबत कनू नावाच्या निमुळत्या होडीवरचं एक पुस्तक. आईने नळी हातात घेतली, आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "सोफा कोणी नेला?"

नकाशे हॉलच्या भिंतीवर लागले. नऊ कागद जोडून भिंत भरली तेव्हा येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीला दोन फूट डावीकडे सरकावं लागलं. जमीन थोडी आणि पाणी जास्त असा तो मुलूख होता. निळे ठिपके, निळ्या चिरोट्या, निळे फाटलेले कागदाचे कपटे, आणि त्यांना सांधणाऱ्या केसाएवढ्या नद्या. गाव नाही, रस्ता नाही, झाडसुद्धा नाही. डुबॉन्ट सरोवरावर तर अर्धाअधिक उन्हाळा बर्फ असतो असं पुस्तकात लिहिलेलं. पप्पा रोज चहाचा कप घेऊन त्या भिंतीसमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "किती पाणी आहे बघ." बाहेर सेहेचाळीस डिग्री. टँकर आला की नाही ते बघायला आई तेव्हा मागच्या दारी गेलेली असायची.

त्यातल्या बहुतेक तळ्यांना नावं नाहीत, हे पप्पांना सहन होईना. नकाशाकाराने हात आखडता घेतला, असं त्यांचं मत पडलं. मग त्यांनी स्वतःच टोकदार पेन्सिलने, अगदी मूळ नकाशाच्या अक्षरात, नावं घालायला सुरुवात केली. तिन्ही काकांची तळी झाली, फादरांचं झालं, आत्याचं झालं. माझं एक लांबट तळं होतं, रीटा नावाचं, त्यातून नदी जायची. आईला तिचं दाखवलं तेव्हा तिने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, याच्यात कुठून पाणी येत नाही की कुठे जात नाही. पप्पा म्हणाले, शांत तळं आहे.

रोज संध्याकाळी रोजरीची प्रार्थना व्हायची. तसबिरीसमोर गुडघे टेकून, नकाशा उजव्या हाताला. शेवटची लितानी संपली की पप्पा क्रूसाची खूण करायच्या आधी नद्या घ्यायचे. ते नाव घेणार, मी ती कुठल्या सरोवराला मिळते ते सांगणार. आई तोवर उठून भात लावायला गेलेली असायची. हे सारं कशासाठी, तर पप्पांनी कॅनडाच्या इमिग्रेशनचा अर्ज भरला होता. वसईवाले सगळेच भरत होते. पण बाकीचे लोक 'कुठे राहणार' या रकान्यात टोरंटो लिहीत. पप्पांना ते अप्रामाणिक वाटलं. मुलाखतीत अधिकारी देशाबद्दल विचारणारच, आणि तेव्हा टोरंटोवाले तोंडघशी पडतील आणि आमचं घर घडाघडा उत्तरं देईल, असा त्यांचा हिशेब होता. मी एकदा विचारलं, टोरंटोत राहणाऱ्या माणसाला तरी या नद्या माहीत असतील का? पप्पा म्हणाले, "म्हणूनच तर." हे उत्तर मला अजून कळलेलं नाही.

हसून सोडून देता येईल असं ते सारं नव्हतं, निदान माझ्यासाठी. मी अकरावीत होते. बारावीनंतर आमच्यासारख्या मुलींसाठी तिथे तेव्हा कॉलेज नव्हतं. टाउनशिपमधून दर उन्हाळ्यात दोनतीन मुलं सुटकेस घेऊन जायची आणि पुढच्या सुट्टीत पाहुण्यांसारखी परत यायची. त्यांच्या खोलीत तोवर इस्त्रीचं टेबल आलेलं असायचं. माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. कॅनडा झालं तर तिघं एकत्र जाणार आणि मी तिथे शिकणार. नाही झालं तर मी एकटी वसईला आत्याकडे. आत्या पहाटे साडेचारला उठायची आणि दुसरं कोणी झोपलेलं असेल तर तिला ते वैयक्तिक वाटायचं. तिच्याकडे चार आतेभाऊ आणि एक बाथरूम होतं. त्यामुळे मी सतरा नद्या पाठ केल्या. देशप्रेम वगैरे काही नाही.

माझी मुलगी हे ऐकते तेव्हा मराठी सगळं कळत असूनही उत्तर इंग्रजीत देते. "यू गाइज वर क्रेझी." मी तिला सांगते की गाइज नव्हते, एकच गाय होता. बाकीच्या दोघी त्याच्या फॉर्मवर होत्या.

मुलाखत झाली तेव्हा मी आणि आई सोबत होतो. अधिकाऱ्याने पप्पांना पगार विचारला, शिक्षण विचारलं आणि वीस मिनिटांत बाहेर काढलं. नद्या निघाल्या नाहीत. पप्पा नाउमेद झाले नाहीत. म्हणजे आता पुढची परीक्षा प्रात्यक्षिकाची, असं त्यांनी ठरवलं. काही आठवड्यांनी पत्र आलं की मेडिकल झालं आहे, आता पोलीस क्लिअरन्स पाठवा. कतारमध्ये तुमच्या नावावर काही नोंद नाही, असा पोलिसांचा दाखला. तो मिळाला की झालं. शहाण्या माणसाने अशा वेळी तो मिळेपर्यंत घरात बसून टीव्ही पाहिला असता. पप्पांनी होडी बांधायला घेतली.

ज्ञानू मिस्त्री माण तालुक्यातला. कंपनीच्या कंत्राटदाराकडे सुतार होता, बायको-मुलं गावी. तो दर शुक्रवारी दुपारी आमच्याकडे जेवायला यायचा आणि आईला वहिनी म्हणायचा. पुस्तकातली आकृती पप्पांनी मोठी करून मोजमापांसकट त्याच्यासमोर ठेवली. ज्ञानूने ती बराच वेळ बघितली. त्याच्या गावाला प्यायचं पाणी टँकरने यायचं. होडी त्याने विमानातून पाहिली होती.

"साहेब, ही जायाची कुठं?"

पप्पांनी भिंतीकडे हात केला. ज्ञानूने भिंत पाहिली, मग आईकडे पाहिलं. आई भाकरी थापत होती. "वहिनी म्हंत्यात तर करतो," तो म्हणाला. वहिनी काही म्हणाली नाही. याचा अर्थ हो असा दोघांनीही घेतला, कारण आमच्या घरात तो तसाच घ्यायची पद्धत होती.

गाडीच्या शेडमध्ये प्लायवूडची होडी तयार झाली. ज्ञानूचं काम चोख; तिला एक थेंब पाणी शिरलं नसतं, आणि पहिले दोन महिने शिरायला कुठे पाणीही नव्हतं. पण पुस्तकात लिहिलं होतं की त्या मुलखात एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना होडी डोक्यावर घेऊन चालावं लागतं. तेवढी तयारी दुखानलाही करता येत होती. मग दर संध्याकाळी पप्पा पुढे, ज्ञानू मागे, दोघांची डोकी होडीत आणि चार पाय बाहेर, अशी ती वरात टाउनशिपच्या गल्लीतून मशिदीपर्यंत जाऊन परत यायची. शेजारीपाजारी खुर्च्या टाकून बसायचे. मी मैत्रिणींना सांगितलं की ते कपाट आहे.

शेवटी शुक्रवार ठरला. दुखानच्या किनाऱ्यावर कंपनीचे लोक पोहायला यायचे, तिथे पहिलाच दिवस नको, म्हणून पप्पांनी देशाच्या दुसऱ्या टोकाचं समैस्मा निवडलं. पुस्तकात म्हटलं होतं की सराव नेहमी पूर्ण सामानानिशी करावा, कारण रिकामी होडी वेगळी वागते. आमच्याकडे तंबू नव्हता, पाच महिन्यांचा शिधाही नव्हता. पप्पांनी सुट्टीत गावी न्यायच्या दोन मोठ्या सुटकेस काढल्या, त्यात वजन मोजून विटा भरल्या, कुलपं लावली आणि दोरीने बांधल्या. शिवाय पाण्याचे दोन कॅन, जेवणाचे डबे आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला नकाशा. ज्ञानूने पिकअपवरून होडी आणली, आम्ही मागून गाडीने.

समैस्माचं पाणी सकाळी काचेसारखं होतं. वारा नाही, लाट नाही. पप्पांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मलाही क्षणभर वाटलं, चला, काहीतरी जमतंय. आई वाळूवर उभी राहून पाण्याच्या कडेला पाहत होती. तिथे ओल्या वाळूचा हातभर पट्टा दिसत होता.

"पाणी ओसरतंय," ती म्हणाली.

"तळ्याला ओहोटी नसते, फिलो."

"हा समुद्र आहे."

"आज तळं समजायचं."

आईने चपला काढल्या, हातात घेतल्या आणि होडीत बसली. माझ्या आईबद्दल काही सांगायचं असेल तर मी लोकांना हेच सांगते. तिला माहीत होतं आणि ती बसली. ज्ञानू किनाऱ्यावर पिकअपपाशी थांबला.

आम्ही छान वल्हवलं, खरंच. पप्पा मागे, मी पुढे, मध्ये आई आणि विटा. पप्पा वळण घ्या, सरळ करा, आता थेलॉनचा प्रवाह आहे असं समजा, अशा सूचना देत होते. तासभर गेला. डबे उघडले. फुग्या खाऊन झाल्या तेव्हा होडीच्या तळाला काहीतरी घासलं. मग पुन्हा घासलं. मग ती थांबली. बघता बघता पाणी आमच्या बाजूने निघून गेलं, अगदी शिष्टपणे, न सांगता. पाऊण तासात आम्ही तिघं एका प्लायवूडच्या होडीत, ताठ बसून, चहूबाजूंनी करड्या चिखलावर होतो. किनारा पाऊण मैल लांब. खेकडे बाहेर येऊन आमच्याकडे पाहत होते. आईने एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही. त्यापेक्षा म्हटलं असतं तर बरं.

चिखलात चालत किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ज्ञानूच्या पिकअपशेजारी पोलिसांची जीप उभी होती. कोणीतरी फोन केला असावा. ज्ञानू टोपी काढून उभा होता आणि मोडक्या हिंदीत सांगत होता की आपण फक्त सुतारकाम केलं, पुढचं साहेबांना विचारा. आम्ही गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले, पप्पांच्या डोक्यावर एक सुटकेस. दुसरी आणायला दोन पोलीस चिखलात गेले आणि तिचं वजन बघून फार काळजीत परत आले.

अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्याने अगदी साधा प्रश्न विचारला. "वेअर यू गो?"

गेलं दीड वर्ष पप्पा या एकाच प्रश्नाची तयारी करत होते. विचार करायची गरजच पडली नाही.

"कॅनडा, सर," ते म्हणाले. "इन्शाल्ला."

कतार सोडायचं तर तेव्हा मालकाच्या सहीचं एक्झिट परमिट लागायचं. विमानतळावर त्याशिवाय पुढे सोडत नसत. आता त्या अधिकाऱ्याच्या जागी उभं राहून बघा: एक माणूस, बायको, मुलगी, होडी, दोन बांधलेल्या सुटकेस, पाणी, खाणं आणि परदेशाचा नकाशा. त्याने विचारलं, परमिट आहे का? पप्पा म्हणाले, अजून नाही. अजून नाही म्हणजे? म्हणजे आधी पोलीस क्लिअरन्स मिळायला हवा. कोणाकडून? "फ्रॉम यू ओन्ली, सर." पप्पा आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत. ही गोष्ट त्यांच्या पुण्यतिथीला फादर अजूनही कौतुकाने सांगतात. मी त्या दिवशी तिथे होते, म्हणून गप्प बसते.

आम्हाला चौकीत नेलं. एसी जोरात होता, ओले कपडे अंगाला चिकटले होते. आम्हाला चहा दिला. सुटकेस टेबलावर ठेवून उघडायला लावल्या. विटा निघाल्या तेव्हा एका पोलिसाने एक वीट उचलून उलटीसुलटी करून पाहिली. पळून जाणारे लोक सोनं नेतात, कपडे नेतात. विटा नेणारा माणूस त्यांच्याकडे पहिल्यांदाच आला असणार. पप्पांनी पुस्तकातलं सामानाचं पान समजावून सांगितलं. नकाशा पसरून डुबॉन्ट दाखवलं. पेन्सिलने लिहिलेल्या नावांवर अधिकाऱ्याचं बोट फिरत राहिलं आणि मला दिसत होतं की त्याच्या मनात दोनच शक्यता आहेत, हा माणूस वेडा आहे किंवा फार हुशार आहे, आणि दोन्हींसाठी कागद करावा लागेल. त्याने एक फॉर्म पुढे ओढला आणि पेनचं टोपण काढलं.

त्या पेनकडे बघताना मी मनात हिशेब केला, हे आठवतं. एकदा नाव लिहिलं की नोंद झाली. नोंद झाली की दाखला गेला. दाखला गेला की कॅनडा गेलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात मी आत्याच्या घरी बाथरूमच्या रांगेत पाचवी. पप्पांनाही तेव्हा ते कळलं असावं. त्यांनी नकाशाची घडी घालायला घेतली.

अधिकाऱ्याने लिहिण्याआधी वर पाहिलं आणि आईला विचारलं. "मॅडम. यू वॉन्ट टू गो टू कॅनडा?"

आईच्या पायावरचा चिखल वाळून पांढरा झाला होता. ती खुर्चीत सरळ बसली होती, पर्स मांडीवर.

"नो," ती म्हणाली.

मग तिने पुढे सांगितलं, "आय हॅव ड्यूटी टुमारो. सेव्हन ओ'क्लॉक."

तिने हे ज्या आवाजात सांगितलं त्याच आवाजात ती पेशंटना सांगायची की सलाइन अजून अर्धा तास चालेल. अधिकाऱ्याने तिच्याकडे पाहिलं, विटांकडे पाहिलं, आणि टोपण परत लावलं. उद्या सकाळी सातला ड्यूटी असणारी बाई आज होडीतून देश सोडत नाही, हे कुठल्याही देशाच्या पोलिसाला पटतं. फॉर्म बाजूला गेला. पप्पांकडून साध्या कागदावर लिहून घेतलं की कतारच्या पाण्यात पुन्हा होडी घालणार नाही. होडी भरतीला पोलिसांनी ओढून आणली आणि ती चौकीतच राहिली. विटा मात्र परत न्यायला लावल्या.

बाहेर ज्ञानू कट्ट्यावर बसला होता. "सोडलं का?" त्याने आईला विचारलं, आणि सोडलं म्हटल्यावर, "मग मी बी सुटलो म्हनायचा," असं म्हणून पिकअपमध्ये चढला. त्यानंतर तो जेवायला यायचा, पण लाकडाचा विषय निघाला की त्याला घरी काम आठवायचं.

परतीच्या वाटेवर पप्पांचा जीव भांड्यात पडला होता. ते गाडी चालवत सारखे म्हणत होते, बरं सुचलं तुला फिलो, ऐन वेळी नो म्हणालीस, नाहीतर सगळं खलास होतं. आई खिडकीबाहेर बघत होती. तिने एकदा एसी कमी करायला सांगितलं. मीही मागच्या सीटवर मनातल्या मनात तिचे आभार मानले. आई इतक्या सफाईने खोटं बोलू शकते याचं मला कौतुक वाटलं होतं.

दाखला स्वच्छ मिळाला. चार महिन्यांनी पत्र आलं की पासपोर्ट पाठवा, व्हिसा लावून देतो. संध्याकाळ होती, रोजरी नुकतीच झाली होती. मी टेबलावर रसायनशास्त्राचं पुस्तक उघडून बसले होते, आई सुकट निवडत होती. पप्पांनी पत्र मोठ्याने वाचलं, मग पुन्हा वाचलं. आईने मान वर केली नाही. मला वाटतं, तेव्हा कुठे त्यांना चौकी आठवली.

"फिलो, त्या दिवशी नो म्हणालीस ते त्याला सांगण्यापुरतं ना?"

"त्याने विचारलं. मी सांगितलं."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही सही कुठे करायची ते दाखवलंत. मी केली."

पप्पा खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. सुकटीतला एक खडा त्यांनी उचलला, बाजूला ठेवला. "मग आता विचारतो."

आईने सूप खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. तिथे तिचं नर्सिंग चालणार नव्हतं. पुन्हा परीक्षा, आणि ती होईपर्यंत दुसऱ्या कोणाच्या तरी हाताखाली म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची. हे तिने दवाखान्यातल्या गेलेल्या मैत्रिणींना पत्रं पाठवून विचारलं होतं, वर्षभरापूर्वीच. इथे ती वॉर्डची इन्चार्ज होती. बाळ अडलं की डॉक्टर आधी तिला हाक मारायचे. तिने हे सगळं चारपाच वाक्यांत सांगितलं, आवाज न चढवता, आणि शेवटी म्हणाली, "नाही."

मी तिला दोष देत नाही. तिचं बरोबर होतं. आता मी तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी आहे, कतारमध्येच, अल सद्दला राहते, ऑफिसात माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत, आणि कोणी मला दुसऱ्या देशात जाऊन पहिल्यापासून सुरुवात कर म्हणालं तर मीही तेच सांगेन. पण तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि माझ्यासमोर रसायनशास्त्र उघडं होतं.

पप्पांनी वाद घातला नाही. एवढा मोठा माणूस इतक्या थोड्या वेळात इतका लहान झालेला मी पुन्हा पाहिला नाही. त्यांनी पत्र घडीवर घडी घालून पाकिटात ठेवलं आणि पाकीट बायबलमध्ये. मग दोघं बोलू लागले, आणि बऱ्याच दिवसांनी अगदी नीट, एकमेकांचं ऐकून घेत बोलले. रीटाला आत्याकडेच पाठवावं. तिकीट जूनचं आताच काढावं, तेव्हा गर्दी असते. खोली रिकामी होईल तेव्हा इस्त्रीचं टेबल तिथे घेता येईल. दोघांचं प्रत्येक गोष्टीवर एकमत होत गेलं. मी एका हाताच्या अंतरावर बसले होते. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारायला त्या दिवशी घरात पोलीसही नव्हता.